बोरीखालचं पान

सशांचे फोटो बघायला बसले होते आणि स्क्रीनवर आला वडा.

थट्टा नाही करत. बहरीनच्या रानात, सशांना पाणी प्यायला बांधलेल्या हौदाशेजारी, वाळूवर चक्क केळीचं पान. पानावर भाताची मूद, दोन वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, वाटीत खीर आणि कडेला लिंबाची फोड. पानाभोवती पाणी फिरवणारा एक हात. मनगटावर गोंदणाचे हिरवे ठिपके. तो हात मी ओळखला नसता तरच नवल. रोज सकाळी तोच माझ्यापुढे चहाचा कप ठेवत होता.

"अगं आई गं!" एवढंच तोंडून निघालं आणि मी लॅपटॉप अर्धा मिटला. आतल्या खोलीत त्या हाताची मालकीण दुपारची आडवी झाली होती. माझ्या सासूबाई.

आधी हे कॅमेरे कसले ते सांगते, नाहीतर मलाच वेड लागलंय असं वाटेल.

माझा नवरा इथे एका कंपनीत इंजिनीअर आहे. कंपनीचे मालक वयस्कर बहरीनी गृहस्थ. सगळे त्यांना अरबाब म्हणतात, मग मीही म्हणते. दक्षिणेला, जिथे घरं संपतात आणि तेलाचे पाइप सुरू होतात, तिथे त्यांची भिंत घातलेली मोठी जमीन आहे. जमीन म्हणजे काय, खडी, वाळू, काटेरी झुडपं आणि मोजकी झाडं. पण तिथे ससे आहेत, जंगली, लांब कानांचे, मातीच्या रंगाचे. थंडी पडली की अरबाबांचे चार मित्र आपापले ससाणे घेऊन येतात, परवाने काढलेले असतात, आणि त्या सशांवर ससाणे सोडतात. मला ते बघवत नाही. मी तसं अरबाबांना तोंडावर सांगितलंय. त्यांनी हसून सांगितलं, बघू नकोस, मोज.

कारण त्यांचा एक नियम आहे. शिकारीच्या आधी ससे किती ते पाहायचं. कमी दिसले तर त्या वर्षी ससाणे नाहीत, खलास, मित्र रागावले तरी चालेल. त्यासाठी ऑगस्ट सरता सरता पाण्याच्या हौदांपाशी कॅमेरे लावतात. डबीएवढा कॅमेरा, झाडाला पट्ट्यानं बांधलेला. समोर काही हललं की आपोआप फोटो काढतो. दर शुक्रवारी त्याचं कार्ड बदलायचं, घरी आणून फोटो बघायचे, कोणता ससा नवा, कोणता तोच फाटक्या कानाचा, कुणाच्या पोटात पिल्लं आहेत, ते लिहून द्यायचं. मी ईसा टाउनला शाळेत बायॉलॉजी शिकवते, म्हणून हे काम नवऱ्यानं परस्पर माझ्या गळ्यात मारलं. पहिल्यांदा मी खूप चिडले. आता कुणी काढून घेईल म्हटलं तर भांडेन.

काम तसं कंटाळवाणंच. शंभर फोटोंतले नव्वद वाऱ्यानं हललेल्या फांदीचे. पण एकही फोटो पुसायचा नाही. अरबाबांचा तो दुसरा नियम. कधीतरी कुठल्याशा पाहुण्याच्या माणसानं नको ते फोटो उडवले होते म्हणे, तेव्हापासून "डिलीट मफी", डिलीट करणं बंद. सगळं कार्ड जसंच्या तसं त्यांच्याकडे जातं आणि ते चष्मा लावून एकेक फोटो बघतात. फांद्यासुद्धा.

तर सासूबाई. त्या गुहागरजवळच्या गावातून व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे, सनदला, आल्या होत्या. सासरे जाऊन दुसरं वर्ष चाललं होतं. बाई तशी खमकी, माझ्याशी तिचं छान जमतं, कारण आम्ही दोघीही तोंडाच्या फटकळ. पण एक गोष्ट तिच्या मनातून जात नव्हती. सासऱ्यांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नव्हता.

मी होते तिथे. नदीकाठी सगळी भावकी उभी. झाडावर कावळे बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. मग सुरू झालं, जे आपल्याकडे होतं तेच. चुलत दीर पुढे होऊन हात जोडून म्हणाले, काका, कलमांची बाग विकणार नाही. कावळा ढिम्म. आत्या म्हणाली, दादा, वहिनीला अंतर देणार नाही. कुणी म्हणालं देवळाचं काम पुरं करू, कुणी म्हणालं म्हशीला बघू. ऊन चढलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि लोक घरी गेले. सासूबाई मात्र त्या झाडाकडे वळून वळून बघत होत्या. नवऱ्यानं त्या दिवशी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. एकुलता एक मुलगा, सगळे त्याच्याकडे बघतायत, आणि हा पायाच्या अंगठ्याकडे.

पुढच्या पितृपक्षात सासूबाईंनी गावी कौलावर वाडी ठेवली. आमच्या कोकणात कावळ्यासाठी जे पान वाढून ठेवतात त्याला वाडी म्हणतात. शेजाऱ्यांच्या वाडीवर कावळे तुटून पडले, आमच्या कौलावर एकही फिरकला नाही. "काहीतरी ऱ्हायलंय गो त्यांचं," त्या मला फोनवर म्हणाल्या होत्या. "मेले सगळ्यांकडे जातात, माझ्याच दारात येत नाय."

म्हणून या वर्षी नवरा त्यांना इकडेच घेऊन आला. तेवढाच पालट. पण त्यांनी आल्या आल्या बिल्डिंगच्या गच्चीवर घास ठेवून बघितला. बहरीनमध्ये कावळे नाहीतच असं नाही, बंदराकडे दिसतात, पण आमच्या गच्चीवर कबुतरांचं राज्य. त्यांनी जो काय धुमाकूळ घातला! वॉचमन वर आला, तक्रार झाली, आणि नवरा आईवर ओरडला, "आई, इथे असलं काही चालत नाही. परत करायचं नाही." त्या गप्प बसल्या. माझ्या सासूबाई गप्प बसल्या म्हणजे विषय संपला, असं समजणारा माणूस मूर्ख, हे मला तरी कळायला हवं होतं.

त्यानंतर त्या रोज माझ्याशेजारी खुर्ची ओढून सशांचे फोटो बघायला लागल्या. मला कौतुक वाटलं. एकदा एका फोटोत हौदाच्या काठावर काळा पक्षी बसलेला आला. कावळाच होता, कुठून वाट चुकून आला होता देव जाणे. सासूबाई पुढे वाकल्या. "हे खंय गो? त्या बोरीखालीच ना?"

बोर म्हणजे त्या जमिनीतलं मोठं झाड. इथले लोक त्याला सिदर म्हणतात, पण आहे आपली बोरच. पहिल्याच खेपेला सासूबाईंनी तिला हात लावून "हीपण हितं येऊन ऱ्हायली काय," म्हटलं होतं. त्याच बोरीखाली मुख्य हौद आणि खोडाला कॅमेरा.

"हो, बोरीखालीच," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि वाटाणे निवडायला निघून गेल्या.

पितृपक्षातली सासऱ्यांची तिथी शुक्रवारी आली. सासूबाईंनी पहाटेच उठून सगळा स्वयंपाक केला. मनाम्याच्या बाजारातून केळीची पानं आदल्या दिवशीच आणली होती. मला वाटलं, स्वयंपाकघराच्या खिडकीत नैवेद्य ठेवतील, आम्ही कॅमेऱ्यांचं काम उरकून येऊ, मग जेवू. तर बाई पायात चपला घालून तयार. हातात कापडी पिशवी. "मी पण येतंय. हवा खायला."

सप्टेंबरात बहरीनमध्ये हवा! सकाळी सातलाच अंगाची लाही होते. पण म्हटलं, आजचा दिवस, घरात एकटी बसून रडेल, त्यापेक्षा येऊ दे.

तिथे पोचल्यावर नवरा पाण्याचा पंप बघायला गेला. मी बोरीपाशी कार्ड बदललं. अरबाबांनी मला आदल्या दिवशी मेसेज केला होता, हौदाच्या पाइपाशी खाली एक कॅमेरा लाव, पिल्लं दिसतात का बघू. तो नवा कॅमेरा मी पाइपाच्या आडोशाला, जमिनीलगत ठेवला, वर दोन दगड लावले. नवऱ्याला सांगायचं काही कारणच नव्हतं, कॅमेरे माझ्याकडे, पंप त्याच्याकडे. मग आम्ही दोघं पिकअपनं पलीकडच्या हौदांकडे गेलो. सासूबाई सावलीत बसल्या. "जावा तुम्ही. मी हाय."

परतताना मी गाडीतच बसून कार्डांवर नंबर टाकत होते. नवरा त्यांना बोलवायला बोरीपर्यंत गेला. थोडा वेळ गेला. दोघं आले तेव्हा त्या पुढे आणि हा मागे, एकदम गप्प. उन्हामुळे असेल म्हटलं. आम्हाला बिल्डिंगखाली उतरवल्यावर म्हणाला, "पाना राहिला पंपापाशी. घेऊन येतो."

"आधी जेव तरी!" मी ओरडले.

गेला. दुपार उलटून गेल्यावर आला आणि म्हणाला, भूक नाही. सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. "आजच्या दिवशी बापाच्या नावाचं जेवला नाय," एवढंच म्हणाल्या आणि त्याचं ताट झाकून ठेवलं. रात्रीपासून त्याचं पोट जे बिघडलं, ते दोन दिवस. मी त्याच्या ऑफिसखालच्या शॉवरमावाल्याचा उद्धार केला. त्यानं एका शब्दानं त्या बिचाऱ्याची बाजू घेतली नाही.

आठवडाभर सासूबाईंनी माझा जीव खाल्ला. फोटो कधी येणार? शुक्रवारीच का? मधे नाय आणता येत? पुढचा शुक्रवार उलटला की मंगळवारी त्यांचं परतीचं विमान होतं. मी म्हटलं, ह्यांना सशांचा काय लळा लागलाय! पुढच्या शुक्रवारी बोरीखाली जाऊन त्या वाळूकडे नुसत्या बघत राहिल्या. मग माझ्या जवळ येऊन हळूच विचारलं, "कोण कोण येऊन गेलं ते सगळं दिसतं ना गो त्याच्यात?"

"सगळं दिसतं," मी ऐटीत सांगितलं.

आणि आता त्या आत झोपल्या होत्या आणि मला सगळं दिसत होतं.

लॅपटॉप पुन्हा उघडला. आधी मला संताप आला. अरबाबांच्या हौदापाशी अन्न! त्या वासानं भटकी कुत्री आली असती तर? एकदा कुत्र्यांना तो हौद कळला की ससे संपले, आणि माझं महिनाभराचं काम पाण्यात. शिव्या घालतच मी पुढचे फोटो काढले. हात गेला. रिकामं पान, म्हणजे भरलेलं पान, आणि कुणीच नाही. दोन साळुंक्या आल्या, पानाच्या कडेला बिचकत उभ्या राहिल्या. कावळा नाही. फांदी, फांदी, फांदी. कावळा नाही. माझा राग कुठल्या कुठे गेला. म्हटलं, ये रे बाबा. इतके दिवस माणसाला झुलवलंस, एकदा ये आणि चोच लाव. मी बायॉलॉजीची बाई, कावळ्याचा आणि पितरांचा काही संबंध नाही हे मुलांना शिकवते, आणि भर दुपारी डायनिंग टेबलाशी हात जोडून कावळ्याला विनवत होते.

पुढच्या फोटोत कॅमेऱ्याच्या अगदी जवळ एक हात आला. आणि मग सगळा काळोख. काळोख नाही, निळं कापड. कापडावर पांढरी शिलाई आणि कंपनीचं चिन्ह अर्धवट.

ती टोपी मी दर आठवड्याला धुते.

मी अक्षरशः हबकले. हा तिथे काय करत होता? कॅमेऱ्यावर टोपी अडकवली होती, कशासाठी? मी दुसरं कार्ड घातलं. पाइपापाशी ठेवलेल्या त्या खालच्या कॅमेऱ्याचं कार्ड. त्याची टोपी त्या कॅमेऱ्यावर नव्हती, कारण तो कॅमेरा आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं.

आधी बूट. मग वाळूत टेकलेले गुडघे. मग मांडी घालून बसलेला माझा नवरा, समोर ते पान. पुढच्या फोटोत तो सांबाऱ्यात भात कालवत होता. त्याच्या पुढच्यात घास तोंडात. मी हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं, नाहीतर किंचाळलेच असते. पितरांचं पान! ज्याला घरातलं कुणी नंतर हातसुद्धा लावत नाही, जे कावळ्यानं नाही खाल्लं तर गाईला घालतात नाहीतर पाण्यात सोडतात, ते हा उन्हात, सशांच्या हौदापाशी, मुंग्या झटकत खात होता. भराभरा नाही. सावकाश, घरी बसल्यासारखा. एका फोटोत तो घास हातात धरून थांबला होता, डोळे मिटलेले आणि दोन्ही गाल ओले. बावीस वर्षांच्या संसारात मी त्याला रडताना पाहिलेलं नाही, दहाव्यालासुद्धा नाही. शेवटच्या फोटोत तो वाटीतली खीर बोटानं पुसून घेत होता.

मी उठले ती तडक स्वयंपाकघरात. तो चहा टाकत होता. लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि आवाज दाबून म्हटलं, "हे काय आहे?"

त्यानं पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "तिथे कॅमेरा कधी लावलास?"

"मी काय विचारतेय आणि तू काय विचारतोयस! वेड लागलंय का तुला? पोट असं बिघडलं होय! मी उगाच त्या शॉवरमावाल्याला..."

"पुसून टाक," तो म्हणाला. "हे कार्ड अरबाबांकडे जाणार. पुसून टाक ना."

"आधी सांग."

चहा उतू गेला. त्यानं गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. त्याच्या गावाकडचा सूर सहसा बोलण्यात येत नाही. त्या दिवशी आला.

"आईनं पान ठेवलेलं बघितलं मी, तिला बोलवायला गेलो तेव्हा. ती काय बोलली नाय, मी पण नाय बोललो. म्हटलं, परत येऊन उचलून कुठेतरी टाकून देतो. पान साफ दिसलं की तिला वाटेल कावळा येऊन गेला. तेवढंच." तो थांबला. "पण टाकवेना गं."

"का?"

"ते गेले त्या वर्षी मी गणपतीला गेलो होतो, आठवतं? तुझी शाळा होती, तू नव्हतीस. निघायच्या दिवशी बाबांनी सांगून मुद्दाम हेच करायला लावलं होतं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं. पानं मांडलेली. ते माझ्यासाठी थांबलेले, आंघोळ करून, पाटावर बसून. आणि गाडीवाला दोन तास आधीच आला. म्हणाला, हायवेची वाट लागलीय, आत्ता निघालात तरच विमान मिळेल. मी उभ्या उभ्या पाया पडलो आणि गेलो. एक घास तरी खा म्हणाले. मी म्हटलं, बाबा, दिवाळीला येतो, तेव्हा बसून जेवू." त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "दिवाळीत गेलो तो त्यांच्या दहाव्यालाच."

मी ओट्यावर उतू गेलेला चहा पुसायला घेतला.

"नदीवर सगळे बाग म्हणत होते, म्हैस म्हणत होते. मला माहीत होतं काय राहिलंय ते. पण एवढ्या लोकांत कसं बोलायचं? पन्नाशीच्या माणसानं पुढे होऊन काय सांगायचं, मी जेवून नाही गेलो?"

त्याच्यावर एवढी माया मला लग्नातही आली नसेल. आणि तेवढाच रागही. इतकी वर्षं शेजारी झोपतो हा माणूस, आणि हे मला सशांच्या कॅमेऱ्याकडून कळतंय!

"फोटो पुसायचा नाही," मी म्हटलं. "नियम म्हणजे नियम."

आणि पुसला नाही. ते कार्ड पुढे जसंच्या तसं अरबाबांकडे गेलं. त्याच कार्डात सशाची तीन पिल्लं होती, पाइपाच्या सावलीत एकमेकांना चिकटून बसलेली, आणि त्यांच्यामुळे बोरीकडच्या त्या सगळ्या कोपऱ्यात या वर्षी ससाणे सोडायचे नाहीत असं ठरलं. नवऱ्याच्या फोटोंबद्दल अरबाबांनी त्याला बोलावून एकच विचारलं, कुणाचं जेवण होतं. यानं सांगितलं, वडिलांचं. ते म्हणाले, अल्ला त्यांना सुखात ठेवो, आणि कॉफी मागवली. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी आम्ही स्वयंपाकघरात चोरासारखे उभे होतो आणि आतल्या खोलीत बांगड्या वाजल्या.

"उठली," नवरा म्हणाला. "तिला काहीतरी दुसरं दाखव. तो जुना कावळ्याचा फोटो आहे ना, तोच दाखव."

मलाही तेच सुचलं होतं. लॅपटॉप टेबलावर नेऊन मी घाईघाईनं जुना फोटो काढला. सासूबाई तोंड पुसत आल्या, चष्मा लावला, खुर्ची ओढली.

"हा बघा आई. आला होता!"

त्यांनी बघितलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "गो, ह्याच्यात पान खंय हाय?"

पानच नव्हतं. तो फोटो पंधरवड्याआधीचा.

"सरक जरा," त्या म्हणाल्या. इतके दिवस माझ्या शेजारी बसून बाई सगळं शिकली होती. कार्ड कुठलं, बाणाचं बटण कुठलं. त्यांनीच बटण दाबायला सुरुवात केली. स्वतःचा हात आला तेव्हा हसल्या. साळुंक्या आल्या तेव्हा "हाट मेल्यांनो" म्हणाल्या. फांद्या आल्या. मग निळं कापड आलं आणि त्यांचं बोट थांबलं.

"ही बाबूची टोपी."

त्यांचा बाबू, माझा नवरा, स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं मान खाली घातली, नदीकाठी घातली होती तशीच. मला वाटलं, आता हिचं काळीज फाटणार. मंगळवारी विमानात बसताना ही बाई काय घेऊन जाणार, तर आपल्या पोरानं आपल्याला फसवलं एवढंच. लॅपटॉप मिटून टाकावा असं फार वाटलं, पण त्यांचा हात बटणावर होता.

"दुसरा कॅमेरा होता ना गो खाली? तू लावलंस त्याचं लाव."

ही बाई बघत होती तर! मी कार्ड घातलं. दुसरं काय करणार?

बूट. गुडघे. भात कालवणारा हात. एकेक फोटो त्यांनी खूप वेळ बघितला. डोळे मिटलेल्या फोटोवर त्यांनी स्क्रीनला बोट लावलं, गालापाशी, पुसल्यासारखं. मग खिरीच्या वाटीपर्यंत आल्या. तिथून पुढे काही नव्हतं.

"सगळं जेवलास?" त्यांनी मागे न वळता विचारलं.

"हो," नवरा म्हणाला.

"सांबारं?"

"हो."

"मीठ बरोबर होतं?"

"हो गं आई."

मग म्हणाल्या, "मला ठाऊक होतं रे काय ऱ्हायलंय ते. शेवटच्या दिवसापर्यंत तेच बोलत होते. पण तुला कसं सांगायचं? परमुलखात ऱ्हातोस, प्रत्येक घासाला आठवत बसला असतास." त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं काचा पुसल्या. मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत. चष्मा पुन्हा लावून त्या पुढे सरकल्या, स्क्रीनवर त्याच्या मागे दिसणाऱ्या बोरीच्या बुंध्याकडे तोंड करून, आणि गावी पडवीतून आतल्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात म्हणाल्या,

"अहो, ऐकलंत? जेवला हो तो. बसून जेवला."